जुनी हातकरवत: काय शोधावं, किती दुरुस्त करावं

हार्डवेअरच्या दुकानात टांगलेली एखादी नवी हातकरवत हातात घेऊन पाहा. बहुतेकींच्या दातांची टोकं निळसर-काळी दिसतील. कारखान्यात उच्च वारंवारितेच्या विजेनं ती क्षणभर तापवून कडक केलेली असतात. असे दात बरेच दिवस धार टिकवतात, पण एकदा बोथट झाले की त्यांच्यावर कानस चालत नाही, नुसती घसरते. मग करवत टाकून नवी आणायची. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जगात बनलेली जवळजवळ प्रत्येक करवत नेमक्या उलट गृहीतावर बनत असे. ती घेणारा माणूस तिला आयुष्यभर कानस लावेल, दात झिजत वर सरकतील, पातं अरुंद होत जाईल आणि तरीही ती कापत राहील, असं बनवणारा धरून चालत असे.

म्हणूनच गेल्या तीस-चाळीस वर्षांत अमेरिका आणि इंग्लंडमध्ये हातानं लाकूडकाम करणाऱ्यांनी जुन्या करवती शोधायला सुरुवात केली. त्यातून तीन प्रश्न उभे राहिले. जुनी करवत खरोखर चांगली असते का? असेल तर कोणती? आणि तिला किती हात लावावा? माझं मत आधीच सांगतो. जुन्या करवतीची खरी संपत्ती तिच्या पात्यात असते आणि तिची खरी दुरुस्ती दातांत असते. मूठ चमकवणं, पितळ घासणं, पात्यात तोंड दिसेल इतकं पॉलिश करणं ही सगळी नंतरची, बहुतेकदा अनावश्यक कामं आहेत.

पात्याची गोष्ट शेफिल्डमध्ये सुरू होते. बेंजामिन हंट्समन हा डॉनकॅस्टरचा घड्याळजी. घड्याळाच्या स्प्रिंगसाठी एकसारख्या प्रतीचं पोलाद मिळत नाही म्हणून त्यानं १७४० च्या दशकात बंद मुशीत पोलाद वितळवण्याची रीत बसवली. या मुशीच्या पोलादात आधीच्या पोलादासारखे मऊ-कडक पट्टे नव्हते. पातळ, लांब आणि सगळीकडे सारखी लवचीक पट्टी बनवायला ते फारच सोयीचं ठरलं, आणि पुढची शंभर-सव्वाशे वर्षं चांगली करवत म्हणजे शेफिल्डची करवत असं समीकरण झालं. त्या काळच्या करवती कशा होत्या हे पाहायचं असेल तर इंग्लंडमधल्या रॉचेस्टरच्या गिल्डहॉल संग्रहालयातली बेंजामिन सीटन याची अवजारपेटी पाहावी. सीटनच्या वडिलांनी १७९६ मध्ये मुलाला अवजारांचा पूर्ण संच घेऊन दिला. त्यातल्या करवती शेफिल्डच्या केन्यन या कारखान्याच्या आहेत. अवजारं फारशी वापरली गेली नाहीत म्हणून पेटी जवळजवळ जशीच्या तशी राहिली, आणि आज जुन्या पद्धतीच्या करवती बनवणारे तिच्याकडे नमुना म्हणून पाहतात.

या पात्यांना किती किंमत मोजावी लागली हेही आढाव्यात यायला हवं. करवतीचं पातं मोठ्या दगडी चाकावर घासून पातळ केलं जाई. दगडाची आणि पोलादाची धूळ छातीत जाऊन शेफिल्डचे घासणारे कामगार तरुणपणीच मरत. धंद्यातली माणसं मर्यादित ठेवून मजुरी टिकवावी म्हणून त्यांची संघटना अत्यंत कडक होती. संघटनेची वर्गणी न भरणाऱ्याच्या चाकाचा पट्टा रात्रीतून नाहीसा होई. प्रकरण तिथंच थांबलं नाही. १८५९ मध्ये जेम्स लिन्ली या करवत घासणाऱ्यावर गोळी झाडली गेली आणि त्या जखमेनं तो पुढे मेला. १८६६ मध्ये थॉमस फर्नहो या दुसऱ्या एका घासणाऱ्याच्या घरात स्फोट घडवला गेला. पुढच्या वर्षी सरकारी चौकशीसमोर करवत घासणाऱ्यांच्या संघटनेचा सचिव विल्यम ब्रॉडहेड यानं आपणच माणसं पाठवली असं कबूल केलं. ब्रिटनमधल्या कामगार संघटनांच्या कायद्याची चर्चा या प्रकरणानं ढवळून निघाली. गंजलेलं पातं हातात आलं की मला हा इतिहास आठवतो. आपण ज्याला नुसतं पातळ पोलाद म्हणतो त्यात कुणाचा तरी श्वास खर्ची पडलेला आहे.

एवढं घासायचं कशासाठी? चांगल्या जुन्या करवतीचं पातं सगळीकडे सारख्या जाडीचं नसतं. दातांच्या रेषेवर ते सर्वांत जाड असतं, पाठीकडे आणि टोकाकडे पातळ होत जातं. त्यामुळे दातांनी पाडलेल्या कापात पात्याचा बाकीचा भाग मोकळा चालतो, दात बाजूंना कमी वाकवावे लागतात, काप अरुंद पडतो आणि हात कमी थकतो. यानंतर ऐरणीवर हातोडीचं काम येई. कसबी कारागीर पात्याचा मधला भाग बारीक बारीक ठोके मारून किंचित ताणत असे, म्हणजे दातांची कड घट्ट राही. असं पातं वाकवून सोडलं की सरळ रेषेत परत येतं आणि धावताना लाकडात वळवळत नाही. पत्र्याच्या सारख्या जाडीच्या पट्टीतून कापून काढलेल्या आजच्या स्वस्त करवतीत हे दोन्ही नसतं. जुनी करवत चांगली असते का, या पहिल्या प्रश्नाचं उत्तर पात्याच्या या जाडीत आणि ताणात आहे. पोलाद गूढ वगैरे काही नव्हतं. आजचं पोलाद प्रतीनं कमी नाही. कमी झाली ती त्यावरची मेहनत.

अमेरिकेत हे काम सर्वांत मोठ्या प्रमाणावर केलं हेन्री डिस्टननं. तो जन्मानं इंग्लिश. १८३३ मध्ये चौदाव्या वर्षी वडिलांबरोबर फिलाडेल्फियाला उतरला आणि काही दिवसांतच वडील वारले. करवत बनवणाऱ्याकडे उमेदवारी करून त्यानं १८४० मध्ये स्वतःचा धंदा सुरू केला, आणि १८५५ मध्ये शेफिल्डवर अवलंबून न राहता स्वतःचं पोलाद ओतायला घेतलं. १८६१ मध्ये अमेरिकेनं परदेशी मालावरची जकात वाढवली तेव्हा तो तयारच होता. पुढे डेलावेअर नदीकाठी टॅकोनी इथं त्यानं कारखान्याबरोबर कामगारांची वस्तीही वसवली. त्या वस्तीतल्या जमिनींच्या करारांत दारूचा गुत्ता उघडायला मनाई होती. १८७४ मध्ये आलेली त्याच्या कंपनीची डी-८ ही करवत म्हणजे पाठ सरळ न ठेवता आत वळवून वजन कमी केलेली करवत. ती इतकी खपली की आज अमेरिकेतल्या जुन्या सामानात सर्वांत जास्त सापडते तीच. सफरचंदाच्या लाकडाची मूठ, पितळी बोल्टांपैकी एकावर कंपनीचा बिल्ला, पात्यावर आम्लानं कोरलेलं नाव. डी-८ ओळखायला एवढं पुरतं. त्याच कंपनीची बारा नंबरची करवत अधिक पातळ घासलेली आणि अधिक महाग होती. ती सापडली तर भाग्य समजावं.

डिस्टनखेरीज इंडियानापोलिसची अ‍ॅटकिन्स, मॅसॅच्युसेट्समधल्या फिचबर्गची सायमंड्स आणि शेफिल्डची स्पिअर अँड जॅक्सन ही नावंही विश्वासाची. अ‍ॅटकिन्सच्या पात्यांवर ‘सिल्व्हर स्टील’ असं कोरलेलं असतं, पण त्यात चांदी नाही, ते फक्त व्यापारी नाव. या सगळ्या कारखान्यांचा शेवट थोड्याफार फरकानं सारखाच झाला. १९२० च्या दशकात हातात धरायची विजेची वर्तुळाकार करवत आली. दुसऱ्या महायुद्धानंतर ती घराघरांत पोचली. हातकरवतीचा खप घसरला तसं पातं घासायचं काम आधी आखडलं, मग मुठी जाड, बोजड आणि कोरड्या दिसू लागल्या. १९५५ मध्ये डिस्टन कुटुंबाकडून कंपनी एच. के. पोर्टर या उद्योगाकडे गेली. साधारण म्हणायचं तर १९४० पूर्वीची करवत घ्यावी. त्यानंतरचीही क्वचित चांगली निघते.

वय ओळखायला बिल्ला उपयोगी पडतो. डिस्टनच्या बिल्ल्यावर ‘अँड सन’ असं एकवचन असेल तर करवत १८६५ ते १८७१ मधली; ‘अँड सन्स’ असं अनेकवचन असेल तर त्यानंतरची. मात्र ‘वॉरंटेड सुपीरियर’ एवढीच अक्षरं असलेला गरुडाचा बिल्ला पाहून भुलू नये. तो अनेक कारखाने आपल्या दुय्यम मालावर, किंवा दुकानदारांच्या नावानं विकायच्या करवतींवर लावत. त्यावरून बनवणारा कळत नाही, प्रतही कळत नाही. आणखी एक गोष्ट नवख्यांना कोड्यात टाकते. जुन्या पात्याच्या पाठीवर टोकाजवळ एक बारीक उंचवटा असतो. त्याचा उपयोग काय यावर लोक तासन्‌तास वाद घालतात, पण खुद्द डिस्टन कंपनीनं आपल्या माहितीपुस्तकात तो निव्वळ शोभेचा असल्याचं सांगून टाकलं होतं.

इंग्लिश करवतींच्या बनवणाऱ्यांची नोंद हवी असेल तर सायमन बार्ली यांनी लिहिलेला ब्रिटिश करवती आणि करवतकारांवरचा जाडजूड ग्रंथ आहे, आणि प्रत्यक्ष वस्तू शेफिल्डच्या केलहॅम आयलंड संग्रहालयात केन हॉली यांनी आयुष्यभर जमवलेल्या अवजारांत पाहता येतात.

शोधताना आपल्याला काय मिळतं? अमेरिकेत, विशेषतः फिलाडेल्फिया आणि न्यू जर्सीच्या आसपास, जिथं मराठी कुटुंबंही भरपूर आहेत, शनिवारी-रविवारी लोक घरातलं जुनं सामान अंगणात मांडून विकतात. तिथं साधी डी-८ पाच-दहा डॉलरला मिळून जाते. आपल्याकडे गोष्ट निराळी. वसाहतकाळात शेफिल्डची अवजारं मुंबई बंदरात उतरत आणि रेल्वे, गोदी, मिशनच्या कार्यशाळा यांत वापरली जात. त्यांतलं उरलंसुरलं कधीतरी मुंबईच्या चोर बाजारात, पुण्याच्या बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात, किंवा एखाद्या सुताराच्या घरातल्या माळ्यावर निघतं. तिथं नावापेक्षा पात्याकडे पाहावं.

पाहायचं असं. मूठ डोळ्याशी धरून दातांच्या रेषेवरून टोकाकडे नजर टाका. सावकाश, लांब वक्र असेल तर घाबरू नका. उलट दिशेनं वाकवून तो बहुतेक वेळा निघतो. पण एका जागी कडक मोड पडलेली दिसली तर पातं परत ठेवा. ती मोड ऐरणीवर काढणारा माणूस आज मिळणं अवघड आहे. मग गंज पाहा. तपकिरी, सारखा पसरलेला गंज दिसायला वाईट असतो, पण वरवरचा असतो. खड्डे पडले असतील तर ते कुठं आहेत ते महत्त्वाचं. पाठीजवळचे खड्डे करवतीला काही करत नाहीत. दातांच्या रेषेजवळचे खोल खड्डे मात्र घातक, कारण कानस लावत लावत दात नेमके त्या खड्ड्यांत उतरतात आणि वाकवताना तुटतात. टोकाशी पातं किती रुंद उरलंय तेही बघा. दीड-दोन इंचांपेक्षा अरुंद झालं असेल तर करवत आपलं आयुष्य जगून झालेली आहे. मुठीचं एक शिंग तुटलेलं असणं ही अडचण नव्हे. दोन-चार दात तुटलेले असणंही नव्हे.

आता दुरुस्तीची मर्यादा. इथं संग्राहक आणि वापरणारे यांच्यात जुना झगडा आहे. संग्राहक म्हणतात, काळानं दिलेला काळपट थर हाच वस्तूचा पुरावा, त्याला हात लावू नका. वापरणारे म्हणतात, गंजलेलं पातं लाकडात अडकतं, ते गुळगुळीत व्हायलाच हवं. माझ्या मते उत्तर करवतीवर अवलंबून ठेवावं. शेफिल्डची अठराव्या शतकातली किंवा एकोणिसाव्याच्या सुरुवातीची, मुद्रा असलेली करवत सापडली तर तेल लावून गंज थांबवा आणि तिथंच थांबा. अशा करवती थोड्या उरल्या आहेत आणि त्यांचं खरं काम आता शिकवण्याचं आहे. लाखोंनी बनलेल्या डी-८ सारख्या करवतीबाबत मात्र असा संकोच नको. ती कापण्यासाठीच बनली होती.

तरीही साफ करताना एक पथ्य सगळ्यांनी पाळावं. आम्लानं कोरलेलं नाव पात्याच्या पृष्ठभागावर अगदी उथळ असतं. ते गेलं की परत येत नाही. आधी ब्लेडनं सपाट धरून वरचा गंज खरवडायचा. मग सपाट, कठीण लाकडी ठोकळ्याला पॉलिश पेपर गुंडाळून, टर्पेंटाइन किंवा रॉकेल लावत, पात्याच्या लांबीच्या दिशेनं घासायचं. बोटांनी घासलं तर पेपर कोरलेल्या अक्षरांतही शिरतो, ठोकळ्यानं घासलं तर तो फक्त वरच्या पृष्ठभागाला लागतो आणि अक्षरं काळी राहून उठून दिसतात. फिकट झालेल्या अक्षरांवर बंदुकीच्या नळीला काळसर निळा रंग देणारं रसायन लावून पुन्हा हलकेच घासलं की नाव वाचता येतं. अँगल ग्राइंडर किंवा तारेचं फिरतं ब्रश पात्यावर अजिबात लावू नये. त्यानं पातं तापून पोलादाचं पाणी जाऊ शकतं, कडा गोल होतात आणि नाव तर पुसतंच. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात करवत आणि एक टाकाऊ लोखंडी पट्टी बुडवून कमी दाबाची वीज सोडायची, अशीही रीत आहे. करवत ऋण टोकाला, टाकाऊ लोखंड धन टोकाला. ती चालते, पण उघड्यावर करावी, कारण त्यात हायड्रोजन वायू सुटतो. आणि त्या पट्टीसाठी स्टेनलेस स्टील कधी घेऊ नये. त्यातल्या क्रोमियमची घातक संयुगं पाण्यात उतरतात. आम्लात भिजवणं मला पटत नाही. ताणलेल्या पोलादाला ते ठिसूळ करू शकतं आणि पातं काळं पडतं.

मुठीबाबत एवढंच की जुनं लाकूड घासून पांढरं करू नये. मळ काढावा, तुटलेलं शिंग त्याच दिशेच्या रेषांचं लाकूड जोडून घडवावं, जवसाचं तेल किंवा लाखेचं पॉलिश द्यावं. फार जुन्या करवतींना मध्ये खाच असलेले पितळी बोल्ट असतात. त्यांना साधा पेचकस लावला तर खाच फाटते. त्यासाठी मधला भाग कापून दोन दातांचा केलेला पेचकस लागतो. आपल्या दमट हवेत, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, स्वच्छ केलेलं पातं पावसाळ्यात काही दिवसांत पुन्हा लालसर होतं. म्हणून साफ केल्याच्या दिवशीच मेण किंवा हलकं मशीन तेल लावून ठेवावं.

आता दात. करवत जिवंत होते ती इथं, म्हणून या कामाला घाई करू नये. लाकूड त्याच्या रेषांच्या दिशेनं चिरायचं असेल तर दात छोट्या पटाश्यांसारखे, कानस पात्याला काटकोनात धरून केलेले असावे लागतात. रेषांना आडवं कापायचं असेल तर प्रत्येक दाताची कड तिरकी, चाकूसारखी लागते. त्यासाठी कानस पंधरा ते पंचवीस अंशांनी तिरकी धरायची आणि एक सोडून एक दात दोन्ही बाजूंनी घासायचा. अमेरिकी करवतींवर मुठीपाशी पात्यात एक आकडा ठोकलेला असतो, तो एका इंचात येणाऱ्या टोकांचा. त्यात पहिलं आणि शेवटचं टोक दोन्ही धरलेली असतात, म्हणून आठ टोकं म्हणजे प्रत्यक्षात इंचाला सात दात.

काम चार टप्प्यांत होतं. आधी सगळ्या दातांच्या टोकांवरून सपाट कानस फिरवून त्यांची उंची एका रेषेत आणायची. प्रत्येक टोकावर एक चमकदार ठिपका दिसतो, तो दाताला किती घासायचं ते सांगतो. मग त्रिकोणी कानसेनं आकार द्यायचा. मग दात आळीपाळीनं डाव्या-उजव्या बाजूला किंचित वाकवायचे. यासाठी पिस्तुलाच्या आकाराचं हत्यार मिळतं, शेफिल्डचं एक्लिप्स ७७ आजही जुन्या बाजारात सापडतं. दात मुळापासून वाकवू नये, वरचा अर्धाच वाकवावा. शेवटी पुन्हा हलकी कानस, प्रत्येक फटीत सारखे हात, सारखा दाब. बहुतेक नवखे दात गरजेपेक्षा जास्त वाकवतात. पाठीकडे पातळ होत गेलेल्या पात्याला फारच थोडा वाक पुरतो. जास्त दिला तर जुन्या करवतीचा सगळा फायदाच हरवतो.

चांगली त्रिकोणी कानस मिळवायला आपल्याला फार लांब जावं लागत नाही. जेके फाइल्सचे कारखाने रत्नागिरी आणि चिपळूणला आहेत आणि त्यांच्या कानसा परदेशातही जातात. आठ टोकांच्या करवतीला साधारण सहा इंची, बारीक अंगाची कानस योग्य बसते. कानसेची बाजू दाताच्या उंचीच्या दुपटीहून थोडी मोठी हवी, नाहीतर प्रत्येक बाजूचा मधला भाग दोनदा वापरला जाऊन लवकर गुळगुळीत होतो.

एका बाबतीत नव्या करवतीला न्याय द्यायला हवा. सागात वाळूसारखी सिलिका असते आणि ती धार झपाट्यानं खाते. कानस चालावी म्हणून जुन्या पात्याचं पोलाद मध्यम कडक ठेवलेलं असे. त्यामुळे रोज सागाचं काम करणाऱ्या सुताराला जुनी करवत वारंवार घासावी लागते आणि कडक दातांची नवी करवत त्याला परवडते. याउलट फणस, आंबा किंवा पाईनच्या कामात, शांतपणे एकेक जोड बसवणाऱ्याला, जुनी करवत नव्यापेक्षा सरळ आणि हलकी चालते. परदेशात जुन्याच धर्तीवर नव्यानं बनवलेल्या उत्तम करवतींची किंमत शंभर-दोनशे डॉलरच्या घरात जाते. तेव्हा दहा डॉलरचं जुनं पातं आणि एक दुपार कानसेशी घालवण्याचा हिशेब सोपा आहे.

पहिली करवत घ्यायची असेल तर सव्वीस इंची, आठ टोकांची, आडव्या कापाची, सरळ पात्याची एखादी साधी करवत घ्या आणि पैसे पॉलिशपेक्षा दोन चांगल्या कानसांवर खर्च करा. आणि तुमच्या गावात अजून हातानं करवतीला धार लावणारा सुतार असेल तर आधी त्याच्याशेजारी जाऊन बसा. ही कला पुस्तकात अर्धीच मिळते, आणि ती येणारी माणसं आता कमी उरली आहेत.